शिरोबिंदू तळाशी कसा?

अर्धविराम : शाळकरी मुलांसाठीचा एक गणिताचा मजकूर मराठीत आणतेय. य = क्ष² − ४क्ष + ३ चा आलेख आहे. व्हर्टेक्सला परिभाषेप्रमाणे 'शिरोबिंदू' घातलं आणि वाक्य झालं, "शिरोबिंदू (२, −१) हा या वक्राचा सर्वांत खालचा बिंदू आहे." लेकीने वाचून विचारलं, "आई, डोकं खाली कसं?" वर मुळं (य शून्य होतो ते क्ष) १ आणि ३, म्हणजे ती आडव्या अक्षावर. डोकं मुळांच्याही खाली! दुसरा शब्द सुचवा. सोमवारी द्यायचंय.

खडूधूळ : शिरोबिंदूच ठेवा. त्रिकोणाला तीन शिरोबिंदू असतात, त्यातले दोन पायाशी. तेव्हा कुणी हरकत घेतली होती का? पारिभाषिक शब्दाची व्याख्या बघायची, फोड नाही. अन्वस्ताला, म्हणजे अशा पॅराबोला वक्राला, त्याचा स्वतःचा अक्ष जिथे छेदतो तो शिरोबिंदू. क्ष² चा सहगुणक ऋण करा, वक्र उलटा होतो आणि तोच बिंदू माथ्यावर जातो.

उंबरठा : अन्वस्त?? आम्ही जन्मभर परवलय म्हणत आलो. अन्वस्त ऐकलं की सूर्य मावळल्यासारखं वाटतं.

जुनी पाटी : तो अस्त निराळा. इथे 'अस्' म्हणजे फेकणे, ज्यातून 'अस्त्र' आलं. अनु + अस्त. पॅराबोलातही 'पॅरा' म्हणजे शेजारी आणि पुढे टाकणे-फेकणे, म्हणजे घडवणाऱ्याने ग्रीक शब्दाची नस पकडलीय. हायपरबोलाला अपास्त, तोही त्याच घरचा. उलट 'परवलय'! पर हा नुसता कानाने उचललेला, आणि वलय बंद असतं. ही रेघ दोन्हीकडे पसरतच जाते, कधी मिटत नाही. तोंड उघडं असलेल्या बांगडीला आपण वलय म्हणू का?

उंबरठा : म्हणू नका, पण कळतं! परवलयाकार आरसा म्हटलं की डोळ्यांपुढे खोलगट काहीतरी येतं. अन्वस्त म्हटलं की शब्दकोश येतो.

पायमोजा : अस्त्र फेकलं की त्याचा मार्ग अन्वस्त होतो, म्हणून ते नाव. किती छान!

खडूधूळ : छान आहे, पण खरं नाही. ग्रीक गणिती अपोलोनियसने नाव दिलं ते क्षेत्रफळावरून. एक आयत दिलेल्या रेषेशी लावून बघायचा : नेमका बसला तर पॅराबोला, कमी पडला तर एलिप्स (लंबवर्तुळ), वर उरला तर हायपरबोला. फेकलेल्या वस्तूचा मार्ग तसा असतो हे गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलं, सुमारे अठराशे वर्षांनी. तेही हवेचा अडथळा सोडून.

पायमोजा : माझी व्युत्पत्ती मला आवडते. मी ती ठेवणार.

चहाटळ : व्हर्टेक्सचं मूळ बघितलंत का कुणी? लॅटिनमध्ये वळणे-फिरणे यावरून आलाय. आधी अर्थ पाण्यातला भोवरा, मग डोक्यावरचा केसांचा भोवरा, मग टाळू, मग शिखर. मराठीत 'भोवरा' याच दोन्ही जागी आधीपासून बसलेला आहे. लिहा, "अन्वस्ताचा भोवरा (२, −१)". डोकं वर की खाली हा वादच मिटला.

अर्धविराम : मोह होतोय, पण परत येईल. 'वळणबिंदू' चालेल? वक्र तिथेच उतरायचा थांबून चढायला लागतो.

खडूधूळ : या आलेखात चालेल. पण आडवा अन्वस्त काढला, य² = ४क्ष, की शिरोबिंदूवर रेघ सरळ उभी जाते. तिथे 'उतरायचा थांबतो' कुठे?

जुनी पाटी : मुळं वर, डोकं खाली, तर हा उलटा अश्वत्थच झाला. आपल्याला तरी अपरिचित नसावा. मला त्यापेक्षा 'मूळ' खटकतं. 'उकल' म्हणा. मूळ हे वर्गमूळापुरतं राहू द्या.

चहाटळ : नको हो, उकल म्हणजे कोडं सुटलं. समीकरणाला दोन मुळं असतात आणि कोड्याला कधी एकच चालतं. लीलावतीतलं भुंग्यांचं गणित घ्या : थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, आठ नवमांश थवाही तिकडेच, उरले दोन. थवा २क्ष² धरला की २क्ष² − ९क्ष − १८ = ०. मुळं ६ आणि −३/२. सहाने ७२ भुंगे मिळतात. दुसऱ्याने साडेचार, आणि त्यातले उणे दीड मालतीवर. मुळं दोन, उकल एक.

उंबरठा : उणे दीड भुंगे 😄 मला शाळेत हे सांगितलं असतं तर मी गणित सोडलं नसतं. आम्हाला फक्त सूत्र घोकायला लावलं, 'वर्गसमीकरण' का म्हणायचं तेही नाही. मी कितीतरी दिवस समजत होतो, अख्ख्या वर्गाने मिळून सोडवायचं म्हणून वर्गसमीकरण.

पायमोजा : आणि मी क्वाड्रॅटिक म्हणजे चार, तर चौथा घात कुठाय म्हणून शोधायचे! त्यापेक्षा द्विघाती बरं.

जुनी पाटी : वर्ग स्वच्छ आहे. ते चारसुद्धा चौरसाच्या बाजूंचे. द्विघाती ऐकलं की दोन अपघात.

अर्धविराम : मंडळी, सोमवार येऊन गेला. मी "वक्राचा सर्वांत खालचा बिंदू (२, −१)" एवढंच ठेवलं, नाव गाळलं. तपासणाऱ्यांनी पुढे कंसात शिरोबिंदू घालून परत पाठवलंय.

खडूधूळ : बघा.

चहाटळ : भोवरा निदान सुचवायचा तरी!

पायमोजा : एक विचारू? वर 'आडवा अक्ष' आलंय. हा अक्ष गाडीच्या चाकाचा की जुगारातल्या फाशाचा? आजोबा तर डोळ्याला अक्ष म्हणायचे.