मार्कडाउनमध्ये कच्चं एचटीएमएल चालू द्यावं का?

बोरूबहाद्दर: माझं मत सरळ 'नको'. जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये मार्कडाउन, म्हणजे तारका-कंसांसारख्या साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत, आणलं, तेव्हा त्यात जे बसत नाही त्यासाठी मधेच एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचे टॅग, लिहायची मुभा ठेवली. ठीक होतं, लिहिणारा स्वतःच्याच ब्लॉगवर लिहायचा. आज तेच मार्कडाउन प्रतिसादांच्या चौकटीत आहे आणि तिथे कुणीही स्क्रिप्ट टॅग डकवून वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये स्वतःचा कोड चालवू शकतो. ह्यूगो या संकेतस्थळं बनवायच्या साधनाने 2019 मध्ये गोल्डमार्क हा मार्कडाउन वाचणारा प्रोग्राम घेतला तेव्हापासून असे टॅग मुळातच गाळले जातात. चालू करायचे तर जी सेटिंग बदलावी लागते तिचं नावच 'अनसेफ'!

शून्यमात्रा: चोर सोडून संन्याशाला फाशी. टॅग बंद केले की सुरक्षित झालात? लिंकच्या कंसात पत्त्याच्या जागी 'जावास्क्रिप्ट:' लिहा, एकही टॅग न वापरता तोच उद्योग होतो. गाळायचं तर शेवटी तयार झालेलं एचटीएमएल गाळा. कुठले टॅग चालतील याची यादी करा, बाकीचे उडवा.

चहाटळ: गिटहब ही कोड ठेवायची वेबसाइट साधारण तेच करते की. त्यांच्या नियमावलीत स्क्रिप्ट, आयफ्रेम, स्टाइल धरून नऊ टॅग निष्प्रभ केलेत, म्हणजे ते नुसता मजकूर म्हणून दिसतात. खरी साफसफाई त्यानंतर वेगळी होते.

बोरूबहाद्दर: गाळणी मान्य. पण त्रास तेवढाच नाही हो. डिव्ह या पानाचा भाग वेगळा करणाऱ्या टॅगच्या लगेच खालच्या ओळीत दोन-दोन तारकांत शब्द लिहा; ठळक होत नाही, तारका तशाच दिसतात. मधे एक ओळ रिकामी सोडा, झाला ठळक! कारण कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउनच्या प्रमाण नियमावलीच्या, नियमाने डिव्हचा कच्चा ठोकळा रिकाम्या ओळीपाशी संपतो. त्यानंतरची ओळ सुबक दिसावी म्हणून चार स्पेस आत सरकवली, की तिचा कोड होतो, म्हणजे ती जशीच्या तशी छापली जाते. नवशिक्याला हे कोण समजावणार? वर पँडॉक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने लाटेक या छपाईच्या मांडणीच्या प्रणालीमार्गे पीडीएफ काढा, हाताने लिहिलेले टेबलाचे टॅग गळून जातात.

शून्यमात्रा: पीडीएफ सगळ्यांना लागत नाही. जोडलेले रकाने मात्र लागतात, आणि मार्कडाउनच्या नेहमीच्या पाइपवाल्या, म्हणजे उभ्या रेघांनी आखलेल्या, तक्त्यात त्यांची सोयच नाही. ते कसे लिहायचे?

बोरूबहाद्दर: नाही लिहायचे. तक्त्याचे दोन तुकडे करा.

शून्यमात्रा: शाळेच्या वेळापत्रकात 'मधली सुट्टी' सोमवार ते शनिवार आडवी पसरते. कुठे तोडू, बुधवारी?