कोणता कर वाढवा म्हणतात, ते बघा

शिरोडकर भाई ए-५०१: सोसायटीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचा. अमेरिकेतला अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे म्हणतो, आमच्यासारख्या श्रीमंतांवर कर वाढवा. आणि स्वतः किती भरतो? संपत्तीत १०० डॉलरची भर पडली की १० सेंट! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

देसाई वहिनी बी-३०२: भाई, हे खरं आहे की नुसतं फॉरवर्ड केलेलं? कामत सर, तुम्ही सांगा.

कामत सर ए-१०२: आकडा खरा आहे, वहिनी. अमेरिकेच्या कर खात्यातली माहिती बाहेर फुटली होती. तिच्यावरून प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने जून २०२१ मध्ये तो छापला. २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत बफे यांची संपत्ती २,४३० कोटी डॉलरनी वाढली. रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवलं साडेबारा कोटी डॉलर आणि आयकर भरला २ कोटी ३७ लाख डॉलर. भाईंनी पाठवलेला ०.१० टक्के हा दर वाढलेल्या संपत्तीवर काढलेला आहे. दाखवलेल्या उत्पन्नावर काढला तर तो १९ टक्क्यांच्या आसपास जातो. मी आयुष्यभर लोकांची रिटर्नं भरली, म्हणून सांगतो, सगळी मेख या दोन आकड्यांच्या मधे आहे.

कामत सर ए-१०२: शेअरची किंमत वाढली पण विकला नाही, तर ते उत्पन्न धरत नाहीत. आपल्याकडेही तसंच. पर्वरीला वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या प्लॉटचा भाव आज कुठे गेलाय बघा, पण तो विकेपर्यंत आयकर खातं मालकाला काही विचारत नाही. बफे यांची जवळजवळ सगळी संपत्ती बर्कशायर हॅथवे या त्यांच्याच कंपनीच्या शेअरमध्ये. त्यांच्या हाती कंपनी आल्यापासून तिने लाभांश दिला तो एकदाच, १९६७ मध्ये. लाभांश नाही, विक्री नाही, मग रिटर्नमध्ये येणार काय? शिवाय तिथे वारसाला शेअर मिळाले की त्यांची खरेदी किंमत मालकाच्या मृत्यूच्या दिवशीच्या भावाने धरतात. म्हणजे त्याच्या हयातीत झालेल्या वाढीवर भांडवली नफ्याचा कर कधीच लागत नाही.

प्रभू बी-२०३: पण सर, यात कायदा कुठे मोडला? राग मानू नका, तुम्हीसुद्धा म्हापशाच्या दुकानाचं भाडं अर्धं कामत काकींच्या नावावर दाखवता ना? तुम्हीच मला सांगितलं होतं.

कामत सर ए-१०२: राग कसला, बरं झालं विचारलंस. ती पळवाट नव्हे. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे आपल्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक असते. म्हणून आयकर कायद्यात १९९४ मध्ये कलम ५अ घातलं, ते १ एप्रिल १९६३ पासून लागू धरून. भाडं, व्याज, धंद्याचा नफा दोघांत अर्धा-अर्धा वाटायचा. पगार ज्याचा त्याच्याकडे, म्हणून माझं पेन्शन सगळं माझ्याच रिटर्नमध्ये. पण हे मान्य करतो की यातून माझा कर कमी होतो, आणि पणजीहून बदली होऊन पुण्याला गेलेल्या माझ्या महाराष्ट्रातल्या मित्राला हे मिळत नाही. उद्या कुणी म्हणालं, कामत, हे कलम काढायला हवं, तर मी काय बोलेन, तिथे माझी परीक्षा आहे.

देसाई वहिनी बी-३०२: म्हणजे बफे खोटा नाही म्हणता?

कामत सर ए-१०२: खोटा नाही म्हणत. २०११ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की मी करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के भरले आणि माझ्या ऑफिसातल्या बाकीच्या वीस जणांनी सरासरी ३६ टक्के. आपली गोष्ट अशी उघड सांगायला धैर्य लागतं. त्यांनी मागणी केली ती दहा लाख डॉलरच्या वरच्या करपात्र उत्पन्नावर दर वाढवण्याची, लाभांश आणि भांडवली नफा धरून. पण दर दुप्पट झाला असता तरी न विकलेल्या शेअरला त्याची झळ लागली नसती. वारसा कर हवा असंही ते म्हणत आलेत, ते त्यांच्या बाजूने मांडायला हवं. तरी त्या लेखातली मागणी त्यांच्या खऱ्या संपत्तीच्या जवळून जात नाही, हे मला खटकतं.

प्रभू बी-२०३: आणि तो दुसरा अब्जाधीश गुंतवणूकदार, जॉर्ज सोरोस? त्याने तर तीन वर्षं शून्य आयकर भरला.

कामत सर ए-१०२: बरोबर, २०१६ ते २०१८, त्याच कागदांतून निघालं. गुंतवणुकीत तोटा झाला होता असं त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं. पण २०१९ मध्ये काही अमेरिकन धनिकांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारांना जाहीर पत्र लिहून आमच्यावर संपत्ती कर लावा म्हटलं, त्यावर सोरोस यांची सही आहे. तो कर दरवर्षी संपत्तीवरच बसला असता, उत्पन्न शून्य असो की तोटा असो. आयकर शून्य भरलेला माणूस आपल्याला लागेल असाच कर मागतोय. मला हे बफेंच्या लेखापेक्षा सरळ वाटतं.

प्रभू बी-२०३: मग यूटू या आयरिश रॉक बँडचा गायक बोनो? श्रीमंत देशांनी गरीब देशांना जास्त मदत द्यावी म्हणून जगभर फिरला. आणि आयर्लंडने कलाकारांच्या करमाफीला अडीच लाख युरोंची मर्यादा घातली तेव्हा २००६ मध्ये यांनी गाण्यांच्या हक्कांचा कारभार नेदरलँड्सला हलवला.

कामत सर ए-१०२: तिथे मी बोनोच्या बाजूने काही बोलू शकत नाही. मदत सरकारी तिजोरीतूनच जाते ना? कर प्रत्यक्ष त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याने आपला हिस्सा दुसऱ्या देशात नेला. बेकायदा नाही, पण चूक आहे.

शिरोडकर भाई ए-५०१: अहो एवढा पुळका असेल तर आपण होऊन भरा की. कुणी अडवलंय?

कामत सर ए-१०२: अडवलेलं नाही. अमेरिकेचं कोषागार १८४३ पासून देणग्या घेतं. पण भाई, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकट्या देसाई वहिनींनी दहा हजार जास्त दिले तर गळती थांबेल का? सगळ्यांचे आले तरच कंत्राटदार येणार. म्हणून ‘आधी तू भर’ म्हणून मी कुणाचं तोंड बंद करणार नाही. आपल्याकडेही १९५७ पासून संपत्ती कर होताच. २०१३-१४ मध्ये देशभरातून त्याचे १,००८ कोटी आले. वसुलीचा खर्च जास्त, उत्पन्न कमी, असं सांगून जेटलींनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो काढला आणि एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला. म्हणजे कर पुन्हा संपत्तीवरून उत्पन्नावर आला. ज्याचं सगळं शहरातल्या जमिनीत आणि दागिन्यांत आहे, तो सुटला. वारसा कर तर १९८५ मध्येच गेला होता.

नाईक काकी बी-१०१: गच्चीचा विषय निघालाच आहे तर मी बोलते. भाई, मागच्या मीटिंगमध्ये दुरुस्ती निधी वाढवा म्हणून सगळ्यात जास्त तुम्हीच बोललात. प्रत्येक फ्लॅटमागे दीड हजार. माझा फ्लॅट ५२ चौरस मीटरचा, पेन्शनवर घर चालतं. तुमचा डुप्लेक्स १७० चा आणि गच्ची तुमच्याच डोक्यावर.

शिरोडकर भाई ए-५०१: काकी, इमारत सगळ्यांची आहे हो. निधी वाढायलाच हवा ना?

कामत सर ए-१०२: वाढायला हवा, भाई. तुम्ही तो विषय काढलात ते चांगलंच केलं, बाकी सगळे चवथीपर्यंत ढकलत होते. पण फ्लॅटमागे सारखा काढला तर जो मागतो त्यालाच तो सगळ्यात हलका जातो. चौरस मीटरप्रमाणे मांडा. तुम्हीच मांडलंत तर कुणी विरोध करणार नाही.

सेक्रेटरी: सर्वसाधारण सभेची नोटीस गुरुवारी काढायची आहे. दुरुस्ती निधी चौरस मीटरप्रमाणे असा ठराव घालू का? सूचक म्हणून कुणाचं नाव?

शिरोडकर भाई ए-५०१: घर दोघांच्या नावावर आहे. हिच्याशी बोलून उद्या सकाळी सांगतो.