इफेचे ऊनी आणि ६६ सह्या

इंग्रज आल्यावर नायजेरियातल्या योरुबा समाजाचे राजे निव्वळ शोभेपुरते उरले, असं म्हटलं जातं. सरसकट तसं नाही. इले-इफे या योरुबा शहराचे ऊनी (म्हणजे राजे) अदेसोजी अदेरेमी घ्या. आधी रेल्वेत नोकरी, मग व्यापार, १९३० साली गादी, आणि ती थेट १९८० पर्यंत.

१९६० मध्ये तर गादी न सोडता ते पश्चिम नायजेरियाचे गव्हर्नर झाले. खरी गंमत पुढे आहे. मे १९६२ मध्ये तिथला सत्ताधारी पक्ष अ‍ॅक्शन ग्रुप फुटला. १२४ पैकी ६६ आमदारांच्या सह्यांचं पत्र आलं आणि अदेरेमींनी तेवढ्यावर प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्रीच म्हणा) अकिंतोलांना बडतर्फ केलं. सभागृहात मतदान वगैरे काही नाही! (सह्यांचं पत्र आणि राज्यपाल, आपल्याला वेगळं सांगायला नको.) मग सभागृहात खुर्च्यांची फेकाफेक, आणीबाणी, कोर्टकचेऱ्या. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी अवैध ठरवली. १९६३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हा नायजेरियाचं अंतिम अपील तिथेच चाले) वैध. तोवर अकिंतोला पुन्हा खुर्चीत बसले होते, आणि प्रांताने घटनेतच पूर्वलक्षी दुरुस्ती करून तो निकाल निकामी केला.

माझ्या मते अदेरेमींनी घाई केली. अकिंतोलांचे पक्षातले प्रतिस्पर्धी अवोलोवो यांच्याशी अदेरेमींची जवळीक होती, हेही लक्षात घ्यायला हवं.