‘आध्यात्मिक शिस्त’, ‘साधना’ की ‘नेम’?

विचारणा

आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुणांसाठी रोजची प्रार्थना, वचनाचे मनन, उपास आणि एकांत यांविषयी एक लहान पुस्तिका आम्ही मराठीत तयार करीत आहोत. इंग्रजीत या सर्वांना मिळून ‘स्पिरिच्युअल डिसिप्लिन्स’ म्हणतात. त्यासाठी ‘आध्यात्मिक शिस्त’ असे लिहिले, तर वाचताना शाळेतली छडी आठवते, अशी तक्रार आली. ‘साधना’ सुचवला, तर तारण (पापापासून सुटका) देवाच्या कृपेने मिळते, ते साधून मिळवायचे नसते, असा वडीलधाऱ्यांनी आक्षेप घेतला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

वडीलधाऱ्यांचा आक्षेप मनावर घेण्याजोगा आहे, कारण तारण हे देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे, असे इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय स्पष्ट सांगतो. तरीही ‘साधना’ हा शब्द सर्वस्वी टाकावा असे मला वाटत नाही. गाण्याची साधना करणारा गळा निर्माण करीत नाही, मिळालेला गळा तयार करतो.

‘शिस्त’ आणि ‘शिष्य’ यांचे नाते अनेकजण गृहीत धरतात, परंतु ‘शिस्त’ फारसीतून आला असून त्याचा जुना अर्थ बंदुकीचा नेम असा आहे. ‘डिसिप्लिन’च्या मुळाशी मात्र शिष्य या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे. आज मराठीत ‘शिस्त’ म्हटले की कवायत आणि शिक्षा डोळ्यांपुढे येतात व शिकण्याचा भाव हरवतो, म्हणून आपल्याकडे आलेली तक्रार मला योग्य वाटते.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (4:7) प्रचलित मराठी बायबल ‘सुभक्तीविषयी कसरत कर’ असे म्हणते. मूळ ग्रीक क्रियापद व्यायामशाळेतले आहे, त्यामुळे हा अनुवाद फार नेमका आहे. अडचण एवढीच की ‘तारेवरची कसरत’ या वाक्प्रचारामुळे शीर्षकात हा शब्द ओढाताण सुचवील. आतल्या मजकुरात तो अवश्य यावा.

माझी पसंती ‘नेम’ या शब्दाला आहे. ‘पहाटे उठून वचन वाचण्याचा त्यांचा नेम आहे’ असे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते. ‘नियम’ या अर्थाबरोबर ‘लक्ष्य’ हा अर्थही याच शब्दात आहे आणि ख्रिस्ती जीवनात हे दोन्ही अर्थ लागतात. दानिएलाचे उदाहरण घ्या. प्रार्थनेस बंदी करणारे फर्मान निघाले हे ठाऊक असूनही तो घरी गेला आणि यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडक्यांसमोर पूर्वीप्रमाणेच दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करीत राहिला. तीन वेळा हा त्याचा नियम होता आणि यरुशलेम ही त्याची दिशा होती.

दुसरे उत्तर

‘नेम’ला माझी संमती आहे. ‘उपास’ या शब्दाबाबत मात्र पुस्तिकेत स्पष्टीकरण हवे, कारण महाराष्ट्रात उपास म्हटले की साबुदाण्याची खिचडी आठवते. कॅथलिक परंपरेत राखेचा बुधवार (ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत उपासाचे बंधन असते. त्यात एकच पूर्ण जेवण घेता येते. मांस वर्ज्य करणे ही निराळी गोष्ट आहे व तिचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून असते, म्हणून ‘उपास’ आणि ‘वर्ज्य’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. येशूने उपास करणाऱ्याला डोक्याला तेल लावून तोंड धुवायला सांगितले, तेही याच प्रकरणात यावे. उपास लोकांना दिसू नये, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे.

‘मनन’विषयीही एक सूचना करतो. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्याचा उल्लेख आहे, तेथील हिब्रू शब्दात पुटपुटण्याचा अर्थ आहे. वचन ओठांवर घोळवत राहणे, हे त्याचे जवळचे मराठी रूप होय. डोळे मिटून शांत बसणे एवढाच अर्थ तरुणांनी घेतला, तर भाकरी भाजताना किंवा लोकलमध्ये उभे असताना होणारे मनन त्यांच्या गणतीतच येणार नाही.

विचारणा करणाऱ्याचे निवेदन

दोघांचाही आभारी आहे. मुखपृष्ठावर ‘रोजचे नेम’ छापू आणि तीमथ्याचे वचन पहिल्या पानावर घेऊ. मननाच्या प्रकरणाचे नाव ‘वचन ओठांवर’ असे ठेवले, तर ते योग्य होईल का?

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

होय, ‘मनन’ हा शब्द उपशीर्षकात ठेवून.