स्वमग्न मुलांचा नवा वर्ग : अभ्यासक्रम कसा बांधावा?

इंदिरानगर_वर्ग
नमस्कार. नाशिकला इंदिरानगरात जूनपासून फक्त स्वमग्न मुलांसाठी वर्ग सुरू होतोय. आठ मुलं, वय ६ ते १०. तिघं बोलत नाहीत. दोघं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. एक मुलगी दुकानांच्या पाट्या भराभर वाचते, पण तहान लागली तरी पाणी मागत नाही. दोन विशेष शिक्षिका, एक मदतनीस ताई, आठवड्यातून दोनदा वाचा उपचार. संस्थाचालक म्हणतात, बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकंच सोपी करून घ्या. मला ते पटत नाही, पण पर्याय कागदावर मांडायचा कसा? उद्दिष्टं, वेळापत्रक, नोंदी, सगळ्याबद्दल सांगा.

गोदाकाठ
मॅडम, पहिले तीन आठवडे फक्त मुलं कुठे आहेत ते बघण्यासाठी राखून ठेवा. प्रमाणपत्रावरचा आयएसएएचा (स्वमग्नता किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या भारतीय चाचणीचा) आकडा शिकवायला उपयोगी नाही. त्यातल्या ४० मुद्द्यांची बेरीज ७० ते १०६ असली तर सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र, एवढंच कळतं. मूल चड्डीची चेन लावतं का, हे कळत नाही. त्यासाठी सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेविषयीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी, म्हणजे मुलाला रोजची कोणती कामं किती जमतात ते नोंदवायची तपासणी यादी घ्या. मात्र ती मुळात बौद्धिक अक्षमतेसाठी केलेली आहे. संवाद, खेळ आणि आवाज-स्पर्शाचा त्रास यांच्यासाठी ती तोकडी पडते, ती पानं तुम्हालाच जोडावी लागतील. आणि कृपा करून सगळ्याची मिळून एकच टक्केवारी काढू नका. तुमची ती मुलगी वाचनात तिसरीची असेल आणि मागण्याच्या बाबतीत दोन वर्षांची. सरासरी काढली की दोन्ही झाकलं जातं.

एका मुलाला वर्षाला पाच-सहा उद्दिष्टं पुरेत. ‘स्वच्छतेची सवय लागेल’ असं लिहिलंत तर मार्चमध्ये मोजणार काय? असं लिहा : ‘जेवणाआधी कोणी न सांगता हात धुण्याच्या आठही पायऱ्या करेल, सलग तीन दिवस, दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांसमोर, शाळेत आणि घरी.’ घर उद्दिष्टातच हवं. शाळेत पंपाच्या बाटलीवर शिकलेलं मूल घरी साबणाच्या वडीसमोर अडतं, कारण त्याच्या लेखी ते निराळंच काम असतं. पैशांचंही तसंच. खेळण्यातल्या नोटा नकोत, खरी नाणी आणि दहाच्या खऱ्या नोटा घ्या. आधी एकच वाणी ठरवा, मग दुसरा, मग भाजीवाली.

नाशिकरोड_वाचा
न बोलणाऱ्या तिघांना आधी मागता आलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. चित्र देऊन वस्तू मागायची पेक्स पद्धत पहिल्याच आठवड्यात सुरू करा. तिचे सहा टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात आणि बहुतेक वर्ग इथेच चुकतात. एक जण समोर आवडीची वस्तू घेऊन बसतो, दुसरा मुलाच्या पाठीमागे. समोरच्याने ‘काय हवं?’ असं विचारायचं नाही, मागच्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलाचा हात वस्तूकडे गेला की मागच्याने तो चित्राकडे वळवायचा, चित्र उचलून समोरच्या तळहातावर ठेवायला मदत करायची. चित्र हातात पडताच वस्तूचं नाव घेऊन ती लगेच द्यायची. पुढे मागच्याची मदत कमी करत न्या. विचारून विचारून शिकवलं तर मूल प्रश्नाची वाट बघत बसतं.

दुसरा टप्पा गाळू नका. त्यात मूल चित्रांची वही शोधतं, उठून माणसापर्यंत जातं, लक्ष नसेल तर पुन्हा प्रयत्न करतं. हे झालं नाही तर टेबलापाशी मागणारं मूल अंगणात पुन्हा ओरडू लागतं. वही कपाटात ठेवायची नाही, ती मुलाबरोबर फिरते, रिक्षातसुद्धा. चित्र दिल्यामुळे बोलणं थांबेल ही पालकांची भीती साहजिक आहे, पण तसं होत नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.

वाक्य परत म्हणणाऱ्या दोघांना ‘तुला पाणी हवंय का?’ विचारू नका, ते तेच म्हणून पाणी मागायला शिकतील. त्यांच्या तोंडी शोभेल तेच म्हणा : ‘मला पाणी हवंय.’ मुलगा असेल तर बाईंनीही ‘मी जातो’ म्हणून दाखवायचं, नाहीतर तो ‘मी जाते’ उचलतो.

ओटी_कॉलेजरोड
वेळापत्रक भिंतीवर सगळ्यांचं मिळून एक नको, प्रत्येकाचं वेगळं. कोणाला फोटो, कोणाला प्रत्यक्ष वस्तू, वाचणाऱ्या मुलीला लिहिलेले शब्द. एका वेळी तीन-चार कामं पुरेत, झालेलं कार्ड काढून ‘झालं’च्या डब्यात टाकायचं. टेबलावर कामाच्या टोपल्या डावीकडे, संपलेलं काम उजवीकडे. काय करायचं, किती, संपलं कधी आणि पुढे काय, ही चारही उत्तरं मुलाला न विचारता दिसली पाहिजेत. बैठं काम सुरुवातीला पाच-सात मिनिटं, मध्ये पाण्याचा क्रेट ढकलण्यासारखं जोर लागणारं काम.

बदलाचं कार्ड पहिल्या महिन्यातच शिकवा, आणि आधी सुखाच्या बदलासाठी वापरा : गणिताऐवजी झोका. ते अंगवळणी पडलं तरच गणपतीआधीचा ढोलपथकांचा सराव किंवा २०२७च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांना बंद असलेले रस्ते पेलतील. ढोलासाठी कान झाकायचे हेडफोन घ्या, पण शांत वेळी दोन-दोन मिनिटं घालून सवय करा. गोंगाटात एकदम चढवले तर मूल ते फेकून देतं.

इंदिरानगर_वर्ग
खूप आभार. दोन शंका. एक मुलगा हात धुताना नळाशी उभाच राहतो, ‘आता साबण घे’ म्हटलं तरच हलतो. आणि पालकांना पाटी-पेन्सिल हवीच आहे, त्यांना काय सांगू?

गोदाकाठ
त्याच्यासाठी तुमचा आवाज हीच एक पायरी होऊन बसली आहे. तोंडी सूचना सगळ्यात उशिरा सुटते, म्हणून तिने सुरुवातच करू नये. मागे उभं राहून न बोलता हाताने मदत करा, आणि शेवटाकडून मागे या. बाही सारणं, नळ सोडणं, हात भिजवणं, साबण, चोळणं, धुणं, नळ बंद करणं हे सात तुम्ही करवून घ्या, पुसणं त्याचं एकट्याचं. ते जमलं की नळ बंद करणंही त्याचं. नोंदीच्या तक्त्यात उभ्या पायऱ्या, आडव्या तारखा, खुणा तीनच : स्वतः, इशाऱ्याने, हाताने. दोन आठवडे एका पायरीवर तीच खूण राहिली तर पायरी तोडा किंवा मदत बदला, मुलाच्या नावावर ‘सहकार्य नाही’ असं लिहू नका.

पालकांना लेखन बंद आहे असं सांगू नका, कारण ते बंद नाहीच. ज्याला जमतं त्याला स्वतःचं नाव, घरचा फोन नंबर आणि वाण्याची तीन शब्दांची यादी लिहायला द्या, आणि ती यादी घेऊन त्याच संध्याकाळी आई-बाबांबरोबर दुकानात पाठवा. पुढे परीक्षेचा प्रश्न आलाच तर राष्ट्रीय मुक्त शाळेच्या (एनआयओएस) ओबीई, म्हणजे मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमात ए, बी, सी असे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे स्तर आहेत. वाचणाऱ्या मुलीसाठी ती वाट आजच लिहून ठेवा, पण तिच्या पानावर पहिलं उद्दिष्ट पाणी मागण्याचंच असू द्या : ‘पाणी’ लिहिलेलं कार्ड, सुरुवातीला बाटलीशेजारी, मग वर्गाच्या दुसऱ्या टोकाला.