‘आपली माणसं’ ग्रुप: बँकॉकचं विमान रद्द झालं त्या रात्री

*दादा, रात्री १०:४२*
जागे आहात का कोण. आपल्या सिंगापूर-मलेशिया-थायलंड सहलीतलं क्वालालंपूर ते बँकॉकचं विमान रद्द झालंय, आत्ता मेल आला. १७ च्या सकाळचं होतं, आता १८ च्या रात्री पावणेबाराचं देतायत

*वहिनी*
म्हणजे बँकॉकला पोचेपर्यंत १९ उजाडणार आणि २० ला तर आपण परत निघतोय. मग बँकॉक बघायचं कधी, झोपेत?

*मोठे काका*
काय वं हे. पैसे भरल्यावर रद्द कसं करतात. आपण रद्द केलं की पैसे कापतात आणि त्यांनी केलं की नुसता मेल

*काकू*
मी तिथनं सगळ्यांना कपडे आणणार म्हणून सांगून बसलेय 😔 परवा भिशीत पण बोलले

*दादा*
थांबा सगळे. मी माईल्सचं, म्हणजे पॉइंट देऊन काढलेलं परतीचं तिकीट दोन दिवस पुढं ढकलतो, २० चं २२ करतो. ॲप उघडलंय

*पिंट्या (बेंगलोर)*
दादा हात लावू नको!!!

*पिंट्या (बेंगलोर)*
दादा फोन उचल

*पिंट्या (बेंगलोर)*
कुणीतरी त्याच्या हातातनं मोबाईल घ्या रे

*वहिनी*
घेतला 😄 बोला भाऊजी

*आत्या*
२२ ला साखरपुडा आहे विसरला का हा? नवऱ्या मुलीचा काका बँकॉकात आणि आम्ही इथं पाहुण्यांना काय सांगायचं, विमान चुकलं?

*दादा*
हां ते राहिलंच. चुकलं माझं. पण २१ करून बघू का मग, २१ ला रात्री मुंबई, रात्रभर गाडी चालवून २२ ला सकाळी दारात

*मोठे काका*
रात्रभर गाडी कोण चालवणार? सात-आठ तास. कात्रज उतरेपर्यंत तुझे डोळे मिटतील. मी बसणार नाही त्या गाडीत

*पिंट्या (बेंगलोर)*
आता सगळ्यांनी शांत बसून वाचा, लांब आहे पण एकदाच लिहितो. आपली दोन वेगवेगळी तिकिटं आहेत हे आधी डोक्यात घ्या. एक माईल्सचं, सिंगापूर एअरलाइन्सचं, जाताना मुंबई–सिंगापूर आणि येताना बँकॉक–सिंगापूर–मुंबई. दुसरं मधलं क्वालालंपूर–बँकॉक, ते दुसऱ्या स्वस्तातल्या कंपनीचं, रोख पैसे देऊन. या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मधलं विमान रद्द झालं म्हणून सिंगापूरवाले आपल्याला काही देणं लागत नाहीत आणि आपण २० ला बँकॉकात नसलो तर ते आपल्यासाठी थांबणारही नाहीत. म्हणून फाटलंय ते रोखीचं, तर ठिगळ पण रोखीनंच लावायचं. माईल्सच्या तिकिटाला हात लावायचा नाही.

आणि का नाही ते सांगतो. हे तिकीट आपण गेल्या वर्षी नोव्हेंबरात काढलं, त्यांचं बुकिंग ३५५ दिवस आधी उघडतं म्हणून दादा आणि मी रात्री जागून काढलं. चार सीट एकत्र, त्या पण सेव्हर दरात म्हणजे कमी माईल्समध्ये. आत्ता बघितलं तर २१ ला सेव्हरच्या दोनच सीट दिसतायत. चौघांपैकी दोघं यायचे आणि दोघं तिथंच राहायचे का? दुसरी गोष्ट म्हणजे क्रिसफ्लायरचे, म्हणजे सिंगापूरवाल्यांच्या योजनेतले माईल्स तीन वर्षांत संपतात. दादानं वापरलेल्यापैकी काही माईल्स आधीपासून खात्यात पडून होते, त्यांची मुदत ऑगस्टमध्येच गेली. तिकीट काढलेलं होतं म्हणून ते वाचले, पण आता तिकीट कॅन्सल केलं तर मुदत गेलेले परत खात्यात येत नाहीत. गेले ते गेले.

*दादा*
हे मला कुणी सांगितलं नव्हतं

*पिंट्या (बेंगलोर)*
मी सांगितलं होतं, तू फौंड्रीत होतास आणि हूं हूं म्हणालास

*मोठे काका*
मला एक समजावून सांग. माईल्स म्हणजे फुकट ना? मग फुकटच्या गोष्टीचं एवढं टेन्शन कशाला

*वहिनी*
काका फुकट कुठलं. चौघांचा टॅक्स आणि एअरपोर्टचा चार्ज रोख भरलाय आम्ही. शिवाय बाकीचे पॉइंट ह्यांनी दोन वर्षं कच्चा माल, वीजबिल सगळं कार्डावर भरून जमवलेत. दर महिन्याला कार्डाचं बिल बघून मला धडकी भरायची

*दादा*
आणि एकदा बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडं पाठवले की परत बँकेकडं येत नाहीत. म्हणून आधी सीट आहे का बघायची आणि मगच पॉइंट पाठवायचे. हे मात्र मी पाळलं

*आत्या*
माझं काय झालं ते सांगा आधी. माझी सीट वेटलिस्टला आहे म्हणालात. चार महिने झाले

*मोठे काका*
आरएसी तरी हाय का? महालक्ष्मी एक्सप्रेसला आरएसी मिळाली तरी बसून जाता येतं

*पिंट्या (बेंगलोर)*
विमानात आरएसी नसतं काका 😂 आत्या तुझं जातानाचं क्लिअर झालं, परवाच मेल आला. येतानाचं अजून लटकलंय. तू नॉमिनीमध्ये आहेस म्हणून तेवढं तरी जमलं, दादाच्या माईल्सवर तिकीट काढायला त्याच्या खात्यावर स्वतः सोडून पाचच जणांची नावं टाकता येतात आणि मोठ्या काकांनी परवा त्यांच्या मित्राचं नाव टाक म्हणून सांगितलं होतं

*मोठे काका*
विचारायला काय जातं

*आत्या*
म्हणजे मी जाणार पण येणार नाही 😳

*काकू*
राहा तिथंच, सिंगापुरात तांबड्या रश्श्याची खानावळ काढा

*दादा*
आत्या तुझं येतानाचं क्लिअर झालं नाही तर रोखीचं काढू, ठरलंय. तू काळजी करू नको. आता मधल्या विमानाचं बोला

*मोठे काका*
रेल्वे नाही का? क्वालालंपूरहून थायलंडला रेल्वे जाते, मी वाचलंय. पाडांग बेसार म्हणून सरहद्दीवर स्टेशन आहे, तिथं एकाच स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के मारतात. तिथनं रात्रीची स्लीपर धरायची की सकाळी बँकॉक. महालक्ष्मीसारखं. बघत बघत जायचं

*पिंट्या (बेंगलोर)*
काका जाते, खरंय. पण आधी क्वालालंपूर ते पाडांग बेसार पाच-साडेपाच तास, मग पुढं अख्खी रात्र. स्लीपरची तिकिटं आधी संपतात. आणि दोन देशांच्या घड्याळात एक तासाचा फरक, सरहद्दीवर गाडी चुकली तर बसा

*काकू*
माझे गुडघे आहेत. रेल्वे नको. क्वालालंपूरजवळच्या बातू केव्हजच्या २७२ पायऱ्या चढायच्यात ते आधीच बघतेय

*मोठे काका*
पन्हाळ्यावर चढतीस की

*काकू*
पन्हाळ्यावर गाडीनं जाते मी. तीस वर्षांत बघितलं नाही का तुम्ही

*वहिनी*
माझं म्हणणं असं की बँकॉक सोडूनच द्यावं का? क्वालालंपूरलाच जास्त राहू, मलाक्का बघू, आणि तिथनं सिंगापूरमार्गे मुंबई

*पिंट्या (बेंगलोर)*
वहिनी छान आहे पण त्यासाठी माईल्सचं परतीचं तिकीट बँकॉकऐवजी क्वालालंपूरहून करावं लागेल म्हणजे परत तेच, चार सीट शोधा. बघितलं मी, २० ला क्वालालंपूर ते सिंगापूर आहे पण पुढं सिंगापूर–मुंबई त्या वेळेला वेटलिस्ट. आत्याच्या एका वेटलिस्टनं घर हैराण आहे, अजून चार कशाला

*वहिनी*
नको मग बाई

*दादा*
पिंट्या दुसऱ्या कंपनीचं १७ चं विमान बघ ना

*पिंट्या (बेंगलोर), रात्री ११:३१*
बघितलं. दोन आहेत. एक १७ ला दुपारी, माणशी साडेनऊ हजार, सुवर्णभूमीला उतरतं. दुसरं १६ ला रात्री, माणशी साडेसहा हजार पण ते डॉन मुआंगला उतरतं. दोन्ही बँकॉकच आहेत पण दोन विमानतळ आहेत, मध्ये पन्नासेक किलोमीटर. तसं बिघडत नाही कारण आपण तिथं राहणार आहोत, त्याच दिवशी पुढचं विमान धरायचं असतं तर मात्र वाट लागली असती. परतीचं सिंगापूरचं विमान सुवर्णभूमीहूनच आहे, २० ला टॅक्सीवाल्याला नुसतं एअरपोर्ट म्हणू नका, नाव घ्या

*आत्या*
सुवर्णभूमी! नाव किती छान. आपलंच वाटतं

*पिंट्या (बेंगलोर)*
आतमध्ये समुद्रमंथनाचा मोठा पुतळा पण आहे आत्या, देव एकीकडं दैत्य एकीकडं. फोटो काढ

*मोठे काका*
१६ चं घ्या. तीन हजार वाचतात माणशी आणि बँकॉकात अर्धा दिवस वाढतो

*दादा*
पण १६ ची क्वालालंपूरची हॉटेलची रात्र वाया जाते

*वहिनी*
ती रात्र फुकट कॅन्सल होते, मी बघितलं, तीन दिवस आधीपर्यंत. बँकॉकला मात्र एक रात्र वाढवावी लागेल, सतराशे रुपये खोलीला

*मी*
मी येत नाहीये पण हिशोब मी करते म्हणजे भांडण नको. १७ चं घेतलं तर पाच जणांचे ४७,५००. १६ चं घेतलं तर ३२,५०० अधिक बँकॉकच्या तीन खोल्या ५,१००, झाले ३७,६००, वजा क्वालालंपूरच्या रात्रीचे परत येतील ते. १६ घ्या. गुळाच्या सौद्याला एवढा वेळ लागत नाही

*दादा*
पाच? आत्या धरून ना

*मी*
आत्या धरूनच. तिला क्वालालंपूरला सोडून जाणार होतास का

*दादा*
चला १६ फायनल. आणि जुन्या विमानाचे पैसे?

*पिंट्या (बेंगलोर)*
हे नीट ऐक. त्यांच्या मेलमध्ये हिरवं मोठं बटण आहे "क्रेडिट घ्या" म्हणून, ते दाबू नको, ते पैसे परत त्यांच्याच विमानासाठी वापरावे लागतात आणि त्याला पण मुदत असते. खाली बारीक अक्षरात रिफंड लिहिलंय, ते दाब. विमान त्यांनी रद्द केलंय, आपण नाही. आणि आधी नवीन तिकीट हातात घे, पीएनआर आला, नावं पासपोर्टप्रमाणं आहेत बघितलं, मगच जुनं सोड. आधी जुनं सोडून नवीन शोधत बसायचं नाही

*दादा, रात्री ११:५८*
काढलं. पाच जण. पीएनआर खाली टाकतो

*वहिनी*
इथं टाकू नका हो, पंचेचाळीस माणसं आहेत ग्रुपवर! पीएनआर आणि आडनाव असलं की कुणीपण बुकिंग उघडतं. वेगळं पाठवा

*दादा*
बरं बरं. डिलीट केलं

*मोठे काका*
मी वाचला 😁

*पिंट्या (बेंगलोर)*
आता बाकीचं पटापट. आत्या, तुझा पासपोर्ट ऑगस्टमध्ये नवीन झालाय, नंबर बदललाय, तर बुकिंगमध्ये नवीन नंबर टाकायचाय, पहिल्या पानाचा फोटो मला एकट्याला पाठव, ग्रुपवर नको. सिंगापूरचा व्हिसा लागतोच, तो एजंटकडनं झालाय चौघांचा, आत्याचा उद्या टाकायचा. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ केला, तो अजून चालू आहे का ते निघायच्या आठवड्यात परत बघणार मी. पण तिन्ही देशांचं अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरायचं असतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आधी भरता येत नाही म्हणून आत्ताच मागं लागू नका. आणि ते तिन्ही फुकट आहे, जी साईट पैसे मागते ती खोटी

*मोठे काका*
सिंगापूरहून क्वालालंपूर बसनं ना? बॅगा वर टाकून झोपलं तर चालतं?

*पिंट्या (बेंगलोर)*
नाही काका. सरहद्दीवर दोनदा उतरायचं, सिंगापूरच्या बाजूला एकदा आणि मलेशियाच्या बाजूला बॅगा घेऊन परत एकदा. साडेतीनशे किलोमीटर आहे, सहा तास धरा

*काकू*
येताना सिंगापूरला विमान बदलायचंय तेव्हा तो घरातला धबधबा बघता येईल का, ज्वेल का काय. माझ्या भाचीनं दाखवला व्हिडिओ

*पिंट्या (बेंगलोर)*
४० मीटरचा आहे काकू, पण तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे. येताना मध्ये अडीचच तास आहेत, बाहेर पडून परत आत यायला नको. जातानाच बघा, १२ ला सकाळी उतरलात की तिथंच चहा प्या

*आत्या*
मी सगळ्यांसाठी कांदा-लसूण चटणी करून ठेवलीय, पाव पाव किलोच्या पुड्या. तिथलं जेवण सपक असतं म्हणतात

*पिंट्या (बेंगलोर)*
आत्या चटणीत खसखस घातलीस का?

*आत्या*
घालणार नाही का? खसखशीशिवाय चटणी होते होय

*पिंट्या (बेंगलोर)*
सिंगापूरला खसखस चालत नाही. अफूच्या बोंडातली म्हणून. त्यांच्या अमली पदार्थवाल्या खात्याच्या यादीत आहे, परवानगी असल्याशिवाय नेता येत नाही. आणि त्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत

*वहिनी*
अगं बाई 😱

*मोठे काका*
आणि माझी तंबाखू?

*पिंट्या (बेंगलोर)*
ती पण नाही. खायच्या तंबाखूवर बंदी आहे तिथं. च्युइंगम पण नाही

*मोठे काका*
मग मी पन्हाळ्यालाच जातो

*काकू*
नऊ दिवस सोडा, मरत नाही माणूस. मला तर वाटतं सिंगापूरलाच राहावं

*आत्या, रात्री १२:२०*
पाच किलो झालीय रे चटणी. सव्वा किलो तुमची, बाकी साखरपुड्याच्या मंडळींना देते वाटून. तुमच्यासाठी बिनखसखशीची वेगळी कांडून आणते, सकाळी डंकावर सांगून येते. मिरच्या निवडायला कोण येतंय? दादा, तू येच. आज तिकीट मोडायला निघाला होतास

*दादा*
येतो. किती वाजता

*आत्या*
सातला. आणि फोन घरी ठेवून ये