आजोबांचे 1944 चे इटलीतले फोटो: कॅमेरा लायका होता का?

जुनी पेटी
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 14 फोटो आणि 6 सुट्या निगेटिव्ह आहेत. फोटोंच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या. चित्र 57 × 83 मिमी, निगेटिव्हवरही तेवढंच. निगेटिव्हला भोकं नाहीत. दोन निगेटिव्हवर उजवीकडे काळसर, धुरकट डाग. फोटोंच्या मागे 'फेरानिया' असा शिक्का. घरात सगळे 'लायका' म्हणतात. मॉडेल कळेल का?

सिल्व्हर ब्रोमाइड
लायका नक्की नाही. तिचं चित्र 24 × 36 मिमी आणि फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं. तुमचे फोटो निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले कॉन्टॅक्ट प्रिंट आहेत, म्हणून मापं जुळतात. हा 6 × 9 (सेंटिमीटर) प्रकार, एका रोलमध्ये 8 फोटो. रोल 120 की 620 (रोल फिल्मचे दोन प्रकार), हे निगेटिव्हवरून कळत नाही: फिल्म तीच, 620 चं रीळ फक्त बारीक. फेरानिया इटलीतली कंपनी; शिक्का कागदाचा आहे, कॅमेऱ्याचा नाही.

आता कॅमेरा बॉक्स (साधा डब्यासारखा) की फोल्डिंग (लेन्स आणि फिल्मच्या मध्ये घड्यांचा भाता असलेला, मिटणारा)? सपाट मैदानातला फोटो घ्या आणि क्षितिज उभ्या माणसांना कुठे छेदतं ते पाहा. कॅमेऱ्याची उंची तीच. कमरेपाशी आलं तर बॉक्सची शक्यता. पण फोल्डिंगलाही वरून पाहायचा छोटा व्ह्यूफाइंडर असायचा, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका. डोळ्यांपाशी आलं तर बहुधा फोल्डिंग. मग 10 पट भिंगानं निगेटिव्हचे कोपरे तपासा. बॉक्सच्या एकेरी काचेत मधला भाग बरा आणि कोपरे विरघळलेले दिसतात. दीड मीटरवरचा चेहरा रेखीव आणि मागचं धूसर असेल, तर फोकस करता येणारी लेन्स होती.

तांबडी खिडकी
डाग चित्राच्या चौकटीपाशी थांबतो, की बाहेरच्या कोऱ्या कडेवरही जातो? थांबत असेल तर उजेड भात्यातून किंवा लेन्सच्या बाजूने आला. कडेवर पसरला असेल तर मागचं झाकण सैल, किंवा रोल उन्हात भरला-काढला.

आणि स्कॅन करताना होल्डर (निगेटिव्ह धरायची स्कॅनरची चौकट) वापरू नका, तो नेमकी कडच झाकतो. निगेटिव्ह थेट काचेवर ठेवा, ट्रान्स्परन्सी मोडमध्ये (आरपार उजेड टाकून स्कॅन) 1200 डीपीआय पुरे. कडेवर 'नायट्रेट' (चटकन पेट घेणारी जुनी फिल्म) लिहिलं असेल, तर ती निगेटिव्ह वेगळ्या कागदी पाकिटात, थंड आणि हवेशीर जागी ठेवा. हवाबंद डब्यात नको, आणि जाळून परीक्षा तर अजिबात नको.

जुनी पेटी
क्षितिज डोळ्यांपाशी. कोपऱ्यातली पानंसुद्धा मोजता येतात. डाग चौकटीपाशी थांबतो.

सिल्व्हर ब्रोमाइड
म्हणजे चांगल्या लेन्सचा फोल्डिंग, बहुधा भात्याच्या घडीला बारीक भोक. कोडॅक, एन्साइन, झाइस इकॉन, फोग्टलेंडर, आग्फा सगळ्यांनी असे केले. नुसत्या चित्रावरून नाव सांगणं म्हणजे अंदाज. पण चौकटीची कड नीट बघा. कॅमेऱ्यातल्या धातूच्या चौकटीवरची बारीकशी खाच प्रत्येक निगेटिव्हवर त्याच जागी उमटते. सहाही निगेटिव्हवर तीच खाच असेल तर कॅमेरा एकच. उद्या माळ्यावर एखादा कॅमेरा सापडला, तर मागचं झाकण उघडून त्याच्या चौकटीतली खाच हिच्याशी ताडून पाहा. आणि अंधारात भात्यात टॉर्च लावा: भोक असेल तर ठिणगीसारखं चमकेल.